गोडसे भटजींच्या मागावर: आधी ओसरी शोधा, रस्ता नंतर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. तुम्ही पुण्याचे, वय चौतीस. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ नुकतंच वाचून संपवलंत. १८५७ साली ते ज्या वाटेनं वरसईहून झाशी-काशीकडे गेले, ती वाट तुम्हाला एप्रिल-मे महिन्यांत मोटरसायकलनं, एकवीस दिवसांत, ‘जशीच्या तशी’ करायची आहे. त्यासाठी मूळ मार्गाचा अचूक नकाशा कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंत.

असा नकाशा तुम्हाला हवा तसा मिळणार नाही. पण त्यानं निराश होऊ नका, कारण तुमची खरी अडचण नकाशाची नाहीच. मी शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्तीच्या आधी आणि नंतर मिळून बारा वर्षांत ही वाट मी सात तुकड्यांत केली. बहुतेक रेल्वे आणि एसटीनं, काही टप्पे पायी, एकदा भाच्याच्या गाडीतून. पुढे तीनदा लहान गटांना घेऊनही गेले. पहिल्या खेपेला मी तुमच्यासारखीच निघाले होते. वहीत गावांची यादी, प्रत्येक गावापुढे चौकोन, पोचलं की बरोबरची खूण. परत आल्यावर वही उघडली तर खुणाच खुणा. कुठे कोण भेटलं, काय ऐकलं, याची एक ओळ नाही. भूगोलाच्या बाईंना शोभेलशीच वही होती म्हणा.

चूक कुठे झाली ते मला फार उशिरा उमगलं. भटजी रस्त्याच्या हिशेबानं चाललेच नव्हते. ते ओळखींच्या आधारानं चालले होते. डोक्यावर घरचं कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार, लाखो रुपयांचा दानधर्म होणार, अशी वार्ता आली, म्हणून तिशीच्या आसपासचा हा भिक्षुक चुलत्याला, रामभटांना, सोबत घेऊन घराबाहेर पडला. पुढे वाट कशी वळते ते पाहा. उज्जैनला गेले, तिथून धारला वळले, कारण धारच्या राजाच्या निधनानंतर तिथे दानधर्म चालल्याचं कानावर आलं. नकाशावर बघाल तर हे उलट्या दिशेनं जाणं आहे. दानदक्षिणेच्या दृष्टीनं बघाल तर अगदी सरळ. मथुरेचा यज्ञ बंडाच्या धामधुमीत बारगळला, तेव्हा ज्या गावी दक्षिणी घर, ज्या घरी ओसरी आणि ज्या ओसरीवर दोन वेळचं जेवण, तिथे त्यांचा मुक्काम पडत गेला. त्यामुळे तुम्ही रस्ता आखू नका, मुक्काम आखा. दोन मुक्कामांच्या मध्ये आजचा महामार्ग खुशाल वापरा. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. तुम्हाला १८५७ बघायचं असेल तर झाशी आणि काल्पी पुरे, आठ दिवसांत होईल. तुम्हाला भटजी बघायचे असतील, म्हणजे कर्जबाजारी घरातला एक माणूस अडीच-तीन वर्षं घराबाहेर कसा जगला हे, तर ग्वाल्हेर, चित्रकूट आणि काशी गाळता येणार नाहीत, आणि एकवीस दिवस जेमतेम पुरतील. आणि गाडी चालवण्याचीच हौस असेल तर तीही चांगलीच गोष्ट आहे, फक्त मग पुस्तकाचं ओझं उगाच पाठीवर घेऊ नका.

निघण्याआधी एक काम करा. पुस्तकात तीन थर आहेत, ते वेगळे काढायला शिका. पहिला थर भटजींनी स्वतः पाहिलेल्याचा. दुसरा, वाटेत ऐकलेल्याचा. तिसरा थर काळाचा आणि दुसऱ्या हातांचा. प्रवास १८५७ ते साठच्या सुमाराचा आणि लेखन जवळपास पाव शतकानंतर, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते छापलं १९०७ साली. तोवर भटजी हयात नव्हते. इंग्रजांची अमदानी होती, त्यामुळे वैद्यांनी हात राखून, भाषेवरून बराच हात फिरवून छापलं. मूळ हस्तलिखितावरचं पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलं. तुम्ही वाचलंत ते यांपैकी कुठलं, हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. दोन्ही मिळवा आणि झाशीचं प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचा. तेवढ्या एका संध्याकाळच्या कामानं तुमच्या प्रवासाचे चार चुकीचे दिवस वाचतील.

थर वेगळे करायचे म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण देते. महूजवळ त्यांना शिपाई भेटतात आणि बंड आता होणार असं सांगतात. हिंदूंचा धर्म बुडवण्यासाठी इंग्रजांनी कलमांची एक लांबलचक यादी केल्याची हकीकतही त्यात येते. शिपाई भेटले, हा पहिला थर. कलमांची यादी दुसऱ्या थरातली. ती खरी होती का, हे शोधत बसायला महूला जाऊ नका. पण रात्रीच्या मुक्कामात, शेकोटीशी बसून अशी बातमी ऐकताना दोन भिक्षुकांना काय वाटलं असेल, हे त्या माळावर संध्याकाळी उभं राहिलं की थोडं तरी कळतं. महू आणि इंदूरला उठाव झाला तो १ जुलै १८५७ रोजी. महूचं नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे, स्टेशनच्या पाटीवर तेच दिसेल. छावणी आजही लष्कराची आहे, तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवा आणि ड्रोन तर घरीच.

तारखांबद्दल एक सूचना, कारण इथे चांगले चांगले घसरतात. भटजी तिथीनं बोलतात आणि त्यांचं पंचांग आपलं, म्हणजे अमान्त, महिना अमावास्येला संपणारं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात काही अडत नाही, पण वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं. इंग्रज फौज झाशी शहरात घुसली ती ३ एप्रिल १८५८ रोजी. आपल्या हिशेबानं तो चैत्र वद्य पक्ष, तिकडच्या हिशेबानं वैशाख कृष्ण. झाशीत कुणी ‘वैशाख में हुआ था’ म्हणालं तर तुमच्या पुस्तकाशी ते भांडत नाहीये. अंतराचंही तसंच. कोस म्हणजे साधारण दोन मैल, तीन किलोमीटरच्या आसपास, पण प्रांताप्रांतात तो ताणतो आणि आखडतो. कोस मोजून जागा नक्की करायचा अट्टहास धरू नका.

आता वाटेबद्दल. पहिला भाग मी भरभर सांगते, कारण तो भरभरच करायचा आहे.

वरसई पेण तालुक्यात, बाळगंगेच्या खोऱ्यात. विनोबांचं गागोदेही याच तालुक्यातलं. बाळगंगा धरणामुळे या खोऱ्यातल्या गावांच्या विस्थापनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत पडलाय, त्यामुळे वरसईला ‘नंतर कधीतरी’ वर टाकू नका. तिथून घाट चढून पुणे. १८५७ च्या मार्चमध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली होती, पण बोरघाटातून वर जाणारा लोहमार्ग १८६३ चा, म्हणजे घाट पायांनीच चढायचा होता. पुढे नगर, आताचं अहिल्यानगर. मग सातपुडा ओलांडून महू. आज या टापूतला सरळ रस्ता म्हणजे धुळे, बिजासन घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा आणि मानपूरवरून महू. भटजींची पावलं नेमकी याच डांबरावर पडली असं मी म्हणणार नाही. पण खलघाटला पुलाच्या आधी गाडी थांबवा आणि खाली पाण्याशी जा. पुलावरून नर्मदा अर्ध्या मिनिटात मागे पडते, आणि पायी येणाऱ्याला ती ओलांडायला किती वेळ लागला असता याचा अंदाज काठावर उभं राहूनच येतो.

ग्वाल्हेरला दोन दिवस द्या आणि किल्ल्यापेक्षा ‘लष्कर’ नावाच्या शहरभागात जास्त फिरा. जयविलास राजवाडा सगळे दाखवतील. बघा, पण लक्षात ठेवा की तो १८७४ चा आहे, भटजींनी तो पाहिलेला नाही. माझ्या गटांना मी एक खेळ देते. समोर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल विचारायचं, ‘हे तेव्हा होतं का?’ रेल्वे स्टेशन नव्हतं, राजवाडा नव्हता, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी अर्थातच नव्हती. मग काय होतं? गल्ल्यांची वळणं, वाड्यांची जोती, देवळं, आणि माणसांची आडनावं. ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाच्या वेळी जाऊन बसा. एक आजी माझ्याकडे सरकून म्हणाल्या, “पुण्याच्या का? मग तुम्हाला आमची मराठी गोड लागणार नाही.” आणि लगेच हिंदीत, “चाय लोगी?” त्यांच्या घरी मी चार तास होते. त्या चार तासांत भटजींच्या ग्वाल्हेरबद्दल मला जे कळलं, ते दोन ग्रंथालयांतून कळलं नव्हतं: पाहुणा आला की त्याला आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग पुण्याकडे कोण कोण आहे ते, आणि एवढं झाल्यावरच पाट मांडायचा. भटजी याच चाळणीतून गावोगाव गेले असणार.

झाशी हा या प्रवासाचा गाभा. इथे किमान चार दिवस, आणि पहिला दिवस किल्ल्यावर जाऊ नका. हे माझं ठाम मत आहे. किल्ला ओर्छ्याच्या बीरसिंह देवांनी १६१३ मध्ये बांधला, मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी तो वाढवला. वर ‘कडक बिजली’ तोफ आहे, राणीचा तोफची गुलाम गौस खान याची कबर आहे, सगळं पाहण्यासारखं. पण भटजी किल्ल्यावर राहत नव्हते. ते शहरात, केशवभट मांडवगण्यांच्या आश्रयाला होते. त्यांनी वेढा पाहिला तो खालून, छपरांच्या आणि गल्ल्यांच्या पातळीवरून. तुम्ही पहिल्याच दिवशी बुरुजावर चढलात की तुमची नजर इंग्रज सेनापती ह्यू रोज याच्या नकाशासारखी होते, वरून खाली. मग भटजींची झाशी निसटते.

म्हणून पहिल्या दिवशी दरवाजे करा. खंडेराव, दतिया, उन्नाव, भांडेर, ओरछा, सागर, सैंयर, लक्ष्मी अशी शहरकोटाच्या दरवाज्यांची नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. काही दरवाजे उभे आहेत, काही फक्त नावापुरते उरलेत. पायी फिरा, सकाळी सहाला निघा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका दरवाज्याच्या कमानीखाली भाजीवाला बसला होता आणि कमानीच्या दगडी खाचेत त्यानं उदबत्ती खोचली होती. ती खाच कशाची, असं विचारलं तर म्हणाला, “अर्गळेची, बाई. दरवाजा बंद करायचं लाकूड.” मी हात घालून पाहिला, कोपरापर्यंत आत गेला. एवढं जाड लाकूड आडवं घातलेल्या शहरात आपण आत आहोत आणि बाहेर तोफा आहेत, हे मला पुस्तक तीनदा वाचूनही जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळं. लक्ष्मी तलावाकाठचं महालक्ष्मीचं देऊळ, त्याच परिसरात राणीचे पती गंगाधरराव यांची छत्री (ते वारले २१ नोव्हेंबर १८५३ रोजी), आणि शहरातलं गणेश मंदिर, जिथे राणीचं लग्न लागल्याचं सांगतात. गणेश मंदिरात आरतीच्या वेळी जा. तिथे मराठी आरत्या ऐकू येतील, आणि आरतीनंतर कुणीतरी तुम्हाला नक्की विचारेल, कुठून आलात. तिथून पुढे ओळखी आपोआप लागतात. मांडवगण्यांचा वाडा कुठे होता, हे मात्र विचारा आणि सोडून द्या. मला तो दोन सज्जनांनी दाखवला, दोघांनीही छातीवर हात ठेवून, आणि दोन वेगळ्या गल्ल्यांत.

तिसऱ्या दिवशी राणीमहाल. आता तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, वरच्या दालनाचं छत रंगवलेलं आहे. मूर्ती बघा, पण त्याहून जास्त वेळ मोकळ्या चौकात बसा. वेढ्याच्या आधी राणीनं चैत्रातलं हळदीकुंकू केल्याचं भटजी लिहितात. ते वाचून मला पूर्वी वाटे, की काही तरी सजवून सांगतायत. मग तारखा ताडून पाहिल्या. त्या साली चैत्र सुरू झाला तो मार्चच्या मध्याला आणि इंग्रज फौज शहरासमोर आली ती २१ मार्चच्या सुमारास. म्हणजे गौर बसलेली असताना तोफांचे मोर्चे बांधले जात होते. हे जुळतं. आणि जिथे जुळतं तिथे या माणसाच्या स्मरणशक्तीला नमस्कार करावासा वाटतो.

चौथ्या दिवशी किल्ला. वर एके ठिकाणी पाटी आहे, की राणीनं मुलाला पाठीशी बांधून घोड्यासकट इथून उडी घेतली. गर्दी तिथे फोटो काढते. भटजींच्या हकीकतीत ही उडी नाही. त्यांच्याकडे राणी रात्रीच्या वेळी, मुलाला पाठीशी बांधून, घोड्यावरून शहराबाहेर पडते. तिथल्या गाईडशी वाद घालू नका, मी घातला होता आणि उगाच दोघांची दुपार नासली. उडीची गोष्ट ही झाशीची स्वतःची आठवण आहे. ती खरी की खोटी यापेक्षा शहराला ती का हवी आहे, हे विचारलं तर माणसं बोलती होतात. राणीच्या बाजूनं लढलेल्या झलकारीबाईचा पुतळाही याच शहरात आहे. कोरी समाजानं तिची आठवण किती जपली, हे तिथल्या लोकांकडून ऐका. भटजींच्या ओसरीवरून दिसलेली झाशी ही एकच झाशी नव्हती.

आणि शहर पडल्यानंतरच्या दिवसांबद्दल. भटजी त्याला ‘बिजन’ म्हणतात, सरसकट कत्तल. लूट कशी टप्प्याटप्प्यानं झाली ते त्यांनी लिहिलंय, आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, शेवटी धान्यसुद्धा. संस्थानच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, त्याचं दुःख तर एखाद्या घरच्या माणसाच्या मृत्यूसारखं लिहिलंय. ती पानं झाशीत, शक्यतो शहराच्या जुन्या भागात बसून, पुन्हा वाचा. हे मी सगळ्या गटांना सांगते आणि तेवढा अर्धा तास कुणीही बोलत नाही.

थोडं थांबून आतापर्यंतचं गोळा करते: पुस्तकाचे तीन थर वेगळे करा, तिथी आपल्या पंचांगानं वाचा, महूपर्यंत पळा, ग्वाल्हेरला माणसांत बसा, आणि झाशीत किल्ला सगळ्यात शेवटी. पुढचा भाग विहिरीचा, कारण मला खात्री आहे तुम्हाला ती विहीर हवी असणार.

झाशीहून बाहेर पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटते. धुळीनं माखलेली, तहानलेली. ते पाणी शेंदून द्यायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते, आणि स्वतः शेंदून ओंजळीनं पिते. मला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, हे सगळं करायची मला गरज नव्हती, अशा अर्थाचं काही बोलते. मराठीतल्या वाचकांना हा प्रसंग जवळजवळ पाठ असतो. ती विहीर कुठली? झाशी-काल्पी पट्ट्यात मला एका गावात एक दाखवली, पुढच्या गावात दुसरी. पहिलीवर आता पंप आहे. दुसरीच्या कठड्याच्या दगडावर दोरानं घासून पडलेल्या खाचा होत्या, बोट बुडेल इतक्या खोल. तिथे एक म्हातारी पाणी भरत होती. मे महिना, दुपारचे अकरा. मी पाणी मागितलं. तिनं लोटा उचलला, मग हात आखडता घेऊन विचारलं, “कौन बिरादरी हो?” मी म्हटलं, “मास्टरनी हूँ.” ती हसली, म्हणाली, “मास्टरनी की कौन बिरादरी,” आणि पाणी ओतलं.

त्या लोट्यानं मला भटजींच्या प्रवासाबद्दल जे शिकवलं ते असं: त्यांना वाटेत पाणी, जेवण, दक्षिणा आणि निवारा मिळत गेला त्यामागे त्यांची विद्वत्ता होती, स्वभाव होता, आणि जातही होती. ते दार इतरांना उघडलं नसतं. हे लिहिलं की काही मंडळी रागावतात, पण त्या ओसऱ्या शोधत फिरताना त्यांचा उंबरठाही दिसायलाच हवा. विहीर मात्र शोधू नका. तुम्हाला त्या पट्ट्यात निदान चार ‘तीच’ विहिरी भेटतील. कुठल्याही एकीपाशी सकाळी थांबा आणि स्वतः पाणी शेंदून बघा.

मे महिन्याचा उल्लेख आलाच आहे तर तुमच्या एप्रिल-मेबद्दल. नको. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. कोंचच्या लढाईत, ७ मे १८५८ रोजी, खुद्द ह्यू रोजला उन्हाचा झटका बसला होता आणि त्याचे सैनिक उन्हानंच पटापट पडत होते. मी वर सांगितलेल्या त्या मेमध्ये संध्याकाळी मला खोलीत ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दोन दिवस सलाईनवर गेले. हेल्मेट आणि जाड जाकीट घालून डांबरावरून जाणं त्याहून वाईट. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. झाशीचा चैत्र अनुभवायचाच असेल तर मार्चच्या शेवटी फक्त झाशीला रेल्वेनं वेगळी खेप करा. पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट जाते.

काल्पीला यमुनेच्या काठावर एक दिवस पुरे. ‘चौऱ्यांशी घुमट’ ही जुनी वास्तू बघा, हातकागद बनवणारे अजून काम करतात त्यांच्याकडे डोकावा, आणि संध्याकाळी घाटावरून पलीकडे बघा. तिथून चित्रकूट, आणि चित्रकूटला जाणारे बहुतेक मराठी लोक कर्वी सोडून देतात, ते तुम्ही करू नका. कर्वीला पेशव्यांची एक शाखा होती, अमृतरावांची. विनायकराव पेशव्यांनी बांधलेला गणेशबाग तिथे आहे, कोरीव देऊळ, तलाव, पायऱ्यांची विहीर. बंडानंतर त्या घराची जी वाताहत झाली ती भटजींच्या काळातली. मी गेले तेव्हा तिथे मी आणि एक शेळी, एवढेच होतो. रेल्वेनं आलात तर स्टेशनचं नाव ‘चित्रकूटधाम कर्वी’ असंच आहे.

बिठूर म्हणजे ब्रह्मावर्त. दुसरे बाजीराव १८५१ मध्ये तिथेच वारले, आणि नानासाहेबांचा वाडा इंग्रजांनी बंडात उद्ध्वस्त केला, त्यामुळे बघायला घाट आणि बाग. अर्धा दिवस. लखनौ आणि अयोध्येबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

शेवटचा टप्पा गंगेचा. एवढ्या खटपटीतून भटजींनी घरी नेलं काय? पैसा फारसा नाही, वाटेत लुटालूट झाली. नेली ती गंगेच्या पाण्याची कावड, आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घालण्यासाठी. ही गोष्ट मी एकदा एका दिवसापुरती करून पाहिली. प्रयागराजहून चित्रकूटच्या दिशेनं, बांबूच्या दोन टोकांना पाच-पाच लिटरचे दोन कॅन. दहा किलो म्हणजे बाजारातल्या दोन पिशव्या, असं वाटलं होतं. पहिल्या किलोमीटरला कॅन झुलायला लागले आणि बांबू खांद्यावर करवतीसारखा पुढेमागे फिरू लागला. मग कळलं, की कावडीची चाल वेगळी असते, पावलं आखूड आणि गुडघे थोडे वाकवून, म्हणजे कॅन झुलत नाहीत. गंगेची कावड जमिनीवर टेकवत नाहीत. त्यामुळे लघवीला जायचं तरी पंचाईत. एका चहावाल्यानं दुकानाशेजारच्या लिंबाच्या बेचक्यात ती अडकवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. अठरा किलोमीटर, म्हणजे सहा कोस, चालायचं ठरवलं होतं. अकरा किलोमीटरवर खांद्याची सालं निघाली आणि मी बस पकडली. भटजींनी तसंच काशीकडून कोकणापर्यंत आणलं. तुम्ही मोटरसायकलवर एक छोटी बाटली आणाल, तीही छानच, पण एक दिवस, नुसता एक दिवस, गाडी लॉजवर ठेवून असं चाला.

तुमच्या एकवीस दिवसांचं मी असं करीन: आधी एका रविवारी वरसई, पेणला उतरून, प्रवासाच्या दिवसांत न धरता. मग डिसेंबरमध्ये निघून महूपर्यंत तीन दिवस, उज्जैन आणि धार मिळून दोन, ग्वाल्हेर दोन, झाशी चार, काल्पी एक, कर्वी आणि चित्रकूट दोन, काशी दोन, पायी चालण्याचा एक. उरलेले चार दिवस कोरे ठेवा. ते कुणीतरी “आज राहा, उद्या जा” म्हणेल त्यासाठी. गाडी काशीहून रेल्वेनं पार्सल करून पाठवता येते. तेव्हा परतीच्या रस्त्यासाठी दिवस खर्च करू नका. टाकी रिकामी करूनच गाडी पार्सलला घेतात, हे आधी लक्षात ठेवा, नाहीतर माझ्या भाच्यासारखं प्लॅटफॉर्मवर नळी लावून पेट्रोल काढत बसाल.